फोटोवाली दीदी आणि पहाडावरचं लग्न

मांडवात टेबलावर चढलेली साठीची बाई दिसली की समजायचं, फोटोवाली दीदी आली. सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. "उतरा हो, पडाल," असं कुणी म्हटलं की ती वरूनच सांगायची, "पडली तर मी पडीन. तुम्ही पदर नीट करा." आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या ओळखीच्या बहुतेक घरांतली लग्नं तिच्याच कॅमेऱ्यातून निघाली. तिचं स्वतःचं मात्र झालं नव्हतं. एखादी चौकस बाई विचारायचीच, "दीदी, तुमचं लग्न?" उत्तर ठरलेलं. "माझी? शेकड्यानं झाली. दर सीझनला होतात."

नेपियर टाउनमधल्या तिच्या स्टुडिओत मी आईबरोबर गेले ते फक्त पासपोर्ट साइज फोटो काढायला. माझं पहिलं लग्न मोडून चार वर्षं झाली होती. मी बँकेत नोकरी करत होते आणि कॉलेजात शिकवणाऱ्या आशीषशी लग्न करायचं ठरवलं होतं. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या माझ्या बाबांना घटस्फोटच पटला नव्हता, मग हे कुठून पटणार? घरात एवढंच ठरलं होतं की कोर्टात जाऊन सह्या करायच्या आणि कुणाला सांगायचं नाही.

"हे कोर्टाच्या फॉर्मचे झाले. लग्नाचे फोटो?" दीदीनं विचारलं.

आईनं आवाज खाली आणला. "हिचं दुसरं आहे ना जी. गाजावाजा काहून करायचा?"

दीदीनं कॅमेरा काउंटरवर ठेवला. "ताई, लग्न करून राहिल्या की झेरॉक्स काढून राहिल्या? दुसरं असलं तरी ओरिजिनलच आहे ते."

"इथं लोक बोलतील."

"मग इथं नको. पहाडावर जाऊ. तिथं बोलायला माकडंच आहेत."

आई हसली. चार वर्षांत माझ्या लग्नाच्या विषयावर ती पहिल्यांदा हसली. आणि मला, त्या स्टुडिओच्या डागाळलेल्या आरशासमोर, नटावंसं वाटलं.

पचमढीच्या अलीकडे, रस्त्यापासून बरीच आत, एका निवृत्त वनरक्षकाची लॉज होती. चार खोल्या, कौलारू छप्पर, सारवलेलं अंगण, चुलीवरचा स्वयंपाक. त्यानं फोनवर आधीच सांगून टाकलं, "दीदी, बिजली का भरोसा नहीं है."

"सूरज का तो है न?" म्हणत दीदीनं चारही खोल्या ठरवल्या.

आठवडाभर आधी ती एकटीच पिपरियापर्यंत रेल्वेनं आणि पुढं जीपनं जाऊन आली. अख्खा दिवस अंगणात बसून ऊन कुठं, किती वाजता येतं ते तिनं वहीत लिहून आणलं. गुरुजींनी दुपारी बाराचा मुहूर्त काढला, तेव्हा वही घेऊन ती त्यांच्याकडे पोचली. "गुरुजी, बाराच्या उन्हात डोळ्यांखाली खड्डे दिसतात. या पोरीच्या डोळ्यांखाली आधीच पुष्कळ काळं झालंय." गुरुजींनी पुन्हा पंचांग उघडलं. गोरज मुहूर्त सापडला.

लग्नाच्या दिवशी सकाळीच फांदी पडून वीज गेली. कॅमेऱ्याच्या दोनच बॅटऱ्या भरलेल्या होत्या, तेवढ्यात सगळं लग्न बसवायचं होतं. "फालतू पोज कुणी द्यायची नाही," दीदीनं जाहीर केलं. मी तयार होत असताना आत्या माझ्या मुंडावळ्या हातात घेऊन थांबली. "या पुन्हा कशाला? एकदा बांधल्या होत्या ना." माझी मान आपोआप खाली गेली. दीदी दारात उभी होती. "आत्याबाई, बांधा. मला तुमचेच हात पाहिजेत फोटोत. आणि तू, मान वर." आत्यानं बांधल्या. गाठ मारतानाचे तिचे हात फोटोत आहेत.

बाबा आले होते, कारण त्यांच्याशिवाय आई गाडीत बसायला तयार नव्हती. पण मांडवात आले नाहीत. अंगणाच्या टोकाला, दगडी कठड्यावर, दरीकडे तोंड करून बसले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी हलले नाहीत. दीदी टेबलावरून उतरली, आमच्या मागून फिरून आली आणि तिनं कॅमेरा बाबांकडे वळवला.

"दीदी, नको ना," मी कुजबुजले. "त्यांना राग येईल."

"येऊ दे. पाठ फिरवली, पण इथपर्यंत आले ना? आलेला माणूस फोटोत येणार."

अल्बममध्ये तो फोटो तिनं पानभर लावला. पुढं अस्पष्ट अक्षता, दूर सोनेरी उजेडात बाबांची पाठ. आई म्हणाली, "हे पान काढून टाका जी." दीदी म्हणाली, "काढणार नाही. खोटा अल्बम मी बनवत नाही."

अल्बम आईकडेच राहिला. काही महिन्यांनी एका दुपारी मी गेले, तर बाबा तो मांडीवर उघडून बसले होते. तेच पान. "पाठीला पोक आलंय माझ्या," ते म्हणाले. "कुणी सांगितलं नाही."

मी शेजारी बसले. त्यांनी अल्बम मिटला आणि विचारलं, "आशीषला कटहलाची भाजी चालते का? रविवारी फणस आणतो."

गेल्या वर्षी दीदीचे हात थरथरू लागले. लोक म्हणाले, मदतीला कुणी ठेवा. "दुसऱ्याच्या बोटानं माझा फोटो? चालणार नाही," म्हणत तिनं स्टुडिओ बंद केला आणि बैतूलला बहिणीकडे जायला निघाली. मी स्टेशनवर गेले. डब्याच्या खिडकीशी उभी राहून रडू लागले, तर तिनं मलाच झापलं. "रडून काय राहिली? काम आहे तुझ्यासाठी." एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. सराफ्यातल्या एका घराचा पत्ता होता. "यांची पोर विधवा आहे. परत लग्न करून राहिली आणि घरचे तिला मागच्या दारानं कोर्टात नेऊन राहिले. फोटो कुणीही काढेल. भांडायला तू जा."

"मला जमेल, दीदी?"

"मला कुठं कुणी शिकवलं होतं?"

गाडी हलली. तिनं हात हलवला नाही, बोटानं फक्त बाहेरचा रस्ता दाखवला. मी डोळे पुसले, स्टेशनबाहेर आले आणि पहिल्याच ऑटोत बसले.

"भैया, सराफा चलो."