शांतारामची शुक्रवारची पिशवी

दोन हजार सोळा साली मस्कतच्या रुवी भागात एक कुजबूज फिरत होती: शांताराम पाडाव्याने शेजारच्या हमरियात दुसरा संसार थाटलाय! पुरावा? बावन्न वर्षांचा हा गडी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन तिकडे जायचा आणि संध्याकाळी ओल्या केसांनी, साबणाचा वास दरवळवत परतायचा. आता एवढ्यावर कोण गप्प बसेल?

"भाऊ, नव्या वहिनींना आमचा सलाम सांगितलात ना?" त्याच्याच खोलीत राहणारा गुलजार चिडवायचा. रत्नागिरीचा माणूस, जिभेला हाड नाही.

शांताराम हसून सोडून द्यायचा. त्याला काळजी वेगळीच होती. तो एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. तेलाचे भाव कोसळले, साइटी बंद पडू लागल्या. खोलीचा रिवाज असा, की सुट्टीवरून परतणाऱ्याने खाऊचा डबा आणून फळीवर ठेवायचा. त्या वर्षी फळी रिकामीच. खोलीतला रमण सुट्टीवर गेला आणि त्याला गावीच फोन आला, येऊ नका. मग जितेशला. तोंडावर कुणी कामावरून काढत नसे. गोड बोलून तिकीट हातात ठेवत.

मे महिन्यात अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, शांतारामला केबिनमध्ये बोलावलं. खजूर पुढे केले, कॉफी ओतली.

"शांताराम, मुलीचं लग्न आहे ना? यल्ला, जाऊन ये. महिनाभर राहा. इन्शाल्ला परत ये."

शांतारामने कप खाली ठेवला. रमणलाही अशीच कॉफी मिळाली होती.

"अर्बाब, स्टोअरात फार काम आहे," तो म्हणाला. स्टोअरात होती फक्त धूळ.

फोनवर बायको विद्या म्हणाली, "अहो, यशश्रीचं कन्यादान कोण करणार?"

"माझ्या दादाला सांग."

 मग ती हळूच म्हणाली, "खरं सांगा. तिथे कुणी आहे का? इथे गावात बोलतायत."

खरं सांगायचं, तर नोकरीचंही सांगावं लागणार. मुलाकडच्यांनी मस्कतचा सासरा बघूनच होकार दिला होता. शांताराम म्हणाला, "काहीतरीच काय!" आणि फोन ठेवला.

लग्न त्याने स्टोअरात, रिकाम्या खोक्यावर बसून मोबाइलवर पाहिलं. त्या दिवशी गुलजारनेही चिडवलं नाही.

हमरियात बाई नव्हती. तिथल्या एका मल्याळी माणसाच्या दुकानात शांताराम एसी दुरुस्ती शिकत होता, नोकरी गेली तर हाताशी एखादी कला असावी म्हणून. पिशवीत कामाचे जुने कपडे असत. निघताना तो अंगावरचं ग्रीस धुऊन यायचा. अर्बाबला त्याला काढायचं नव्हतं. ती सुट्टी खरीच सुट्टी होती.