भट्टीवरची हजेरी

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत तरणतलाव आहे, असं मी एकदा शाळेच्याच भिंतीवर रंगवून घेतलं होतं.

झालं असं, की शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. निवडीच्या सभेला मी एकटाच वेळेवर पोचलो होतो, एवढीच माझी पात्रता. भिंतीवर ‘आमच्या शाळेचे ध्येय व मूल्ये’ लिहायची होती. मी मोबाइलवरून कुठल्याशा मोठ्या शाळेचा मजकूर जसाच्या तसा उतरवला, पेंटरच्या हातात दिला आणि बोईसरला कामावर गेलो. संध्याकाळी परततो, तर बाई भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

“अध्यक्ष, पोहायला कधी न्यायची पोरं?”

बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. चार इयत्ता आणि शिक्षक दोन, एक बाई आणि दुसरे धाकटे गुरुजी. बाई आमच्याच भागातल्या माहीम गावच्या, बागायतदार घरातल्या. शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायच्या, चिडल्या की घरचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी भिंत पांढरी करून घेतली आणि एकच ओळ लिहिली : ‘इथे कोणाचं नाव खोडत नाहीत.’

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढं जमलं तरी पुष्कळ हाय.”

आता तुम्हाला आमची शाळा सांगायला हवी. निम्मी मुलं गावातली, निम्मी डोंगराकडच्या पाड्यावरची. पावसाळी शेती आटोपली, दिवाळी झाली, की पाड्यावरची घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात आणि पोरंही सोबत जातात. बाकं ओस पडतात. बाई मात्र हजेरी घेताना गेलेल्यांचीही नावं पुकारायच्या, आणि उरलेल्या वर्गाने उत्तर द्यायचं.

“कमळी?”

“भट्टीवर, बाई!”

“रमेश?”

“दांडी गावाला, मामाकडं!”

मी हसलो होतो. तुम्हीही हसला असता. बाई हसल्या नाहीत. “कुठं हाय ते ठाऊक असलं म्हणजे पोर हरवत नाय,” म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, की स्कूटीला गुंडाळफळा बांधून त्या कुठेतरी निघायच्या. “कुठे?” विचारलं की म्हणायच्या, “राहिलेलं काम.” वर्षभर माझी समजूत, की बाई कुठेतरी शिकवणी घेतात.

मग एका जानेवारीत साहेब तपासणीला आले. पट पाहिला, बाकं पाहिली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. सतत गैरहजर मुलांची नावं कमी करायची, म्हणजे पट उतरेल, शाळा बंद होईल आणि उरलेल्यांना रुळांपलीकडच्या शाळेत पाठवता येईल. अध्यक्षांची सही हवी. समोरच्याला कोणी नुसतं ‘साहेब’ म्हटलं तरी माझे हात आपोआप जुळतात. मी पेनाचं टोपणही काढलं होतं.

बाईंनी कागदावर पंजा ठेवला. “आधी हजेरी.”

वर्गाने सहा वेळा ओरडून सांगितलं, “भट्टीवर, बाई!”

“झालं ना मग?” साहेब म्हणाले. “सिद्धच झालं.”

“नाय झालं. अर्धीच झाली. तुमची गाडी हाय ना बाहेर? चला, उरलेली तिथं घेऊ.”

साहेब का आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उमरोळीच्या बाजूला, कच्च्या विटांच्या रांगांमध्ये उभं राहून बाईंनी हजेरीपट उघडला.

“कमळी?”

कोपरापर्यंत चिखल माखलेली नऊ वर्षांची पोर थराआडून पुढे आली. “हजर, बाई!” हात फ्रॉकला पुसून तिने झोपडीतून प्लास्टिकच्या पिशवीतली वही आणली. साहेबांनी पानं उलटली. दर शनिवारची तारीख, बाईंची लाल खूण. दुसरी वही, तिसरी वही, तेच. सहाही हजर.

“हे नियमात बसत नाही, बाई.”

“मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा.”

कागद माझ्या खिशातून तसाच घरी आला, सहीविना. टोपण बहुतेक भट्टीवरच पडलं.

शाळा राहिली. बाई राहिल्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांची जव्हारकडे बदली झाली. निरोपाचा हार त्यांनी बालवाडीच्या पोरीच्या गळ्यात घातला, गुंडाळफळा माझ्या हातात दिला. “शनिवार चुकवू नका, अध्यक्ष.” हल्ली धाकटे गुरुजी भट्टीवर शिकवतात आणि मी फळा धरून उभा राहतो. तेवढं मला जमतं.

परवा नवे साहेब आले. कार्यालयाबाहेर शिक्षकांच्या नावांचा फलक आहे, त्यावर बोट ठेवून म्हणाले, “या बाई अजून इथे कशा? खोडा ते नाव.”

“साहेब, आमच्या शाळेत नाव खोडत नाहीत,” मी म्हणालो. जुळलेले हात सोडवले आणि खडूने पुढे लिहिलं : ‘जव्हारला.’

घरी येऊन छाती फुगवून हे सगळं बायकोला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “हेही उतरवलेलंच की हो, त्या तरणतलावासारखं. पण या खेपेला शाळा आपली होती.”