सवतीचा थेंब

शंखवाल्यांची बायको मोठी फटकळ. नवरा प्रयोगशाळेत समुद्रातल्या विषारी गोगलगायी सांभाळतो, हा विषय निघाला की म्हणायची, "सांभाळतात कसल्या, तिथं दुसरा संसार मांडलाय." टाकीतल्या सगळ्यांत थोराड गोगलगायीचं नाव तिनंच घरबसल्या ठेवलं होतं, सवत. तिथल्या संशोधक बाईसुद्धा पुढे तेच म्हणू लागल्या.

सवत दिसायला नक्षीदार, वागायला जहरी. आता गंमत बघा, विष काढायचं तर आदल्या दिवशी तिला उपाशी ठेवायचं. मग तोंडाला रबर ताणून बसवलेली नळी घ्यायची आणि त्या रबरापाशी माशाचा पर धरायचा. भुकेली असली की ती आपला पोकळ दात भाल्यासारखा रबरातून खुपसते आणि नळीत थेंब पडतो. पोट भरलेलं असलं तर स्वारी ढुंकून बघत नाही.

त्या थेंबात श्वास बंद पाडणारंही असतं आणि वेदना थांबवणारंही. बाईंचा सगळा खटाटोप ते दोन वेगळं करण्याचा. शंखवाले जेवताना हे रंगवून सांगायचे. बायको म्हणायची, आधी हात नीट धुवा.

मग तिच्याच हाडांत आजार शिरला. दवाखान्यातली औषधं पुरेनात. कूस बदलायची तर ती उशीचं टोक दातांत धरायची. तुमचं औषध कधी होईल, असं शंखवाल्यांनी भीत भीत विचारलं, तेव्हा बाईंनी मान खाली घातली. अजून वर्षं लागणार होती.

एका संध्याकाळी बायकोनं त्यांचा हात धरला.

"सवतीकडून माझ्यासाठी एक थेंब आणा."

"अगं, त्यात नुसतं औषध नाही. श्वास थांबवणारंही आहे."

"मला दोन्ही चालेल."

या वेळी ती थट्टा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी विष काढायचं होतं, सवत उपाशीच होती. शंखवाल्यांच्या खिशात घरून धुऊन आणलेली इवलीशी बाटली होती. टाकीपाशी उभं राहून त्यांनी ती चाचपली, आणि नळी हातात घेण्याआधीच आख्खा मासा सवतीपुढे सोडला. तिनं तो गिळला. मग पर दाखवूनही ती हलेना. बाईंना म्हणाले, चुकून खायला घातलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. बाईंनी नळी पुसून जागेवर ठेवली.

घरी बायकोनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"नाही दिला तिनं?"

"पोट भरलेलं होतं तिचं."

"सवतच शेवटी," ती म्हणाली. भिंतीकडे वळायला त्यांनीच तिला आधार दिला.

ती गेली ती कण्हतच. कुणी म्हणालं, सुटली बिचारी, की शंखवाले तिथून उठायचे.

बऱ्याच वर्षांनी ते औषध पहिल्यांदा एका पेशंटला दिलं गेलं. सवतीच्या जागी तोवर दुसरी आली होती, तिचं नाव शंखवाल्यांनी कुणाला ठेवू दिलं नव्हतं. बाई धावत टाकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, पेशंटचं कण्हणं थांबलं.

"श्वास चालू आहे ना तिचा?"

"चालू आहे, काका. झोपलीय."

शंखवाल्यांनी मान हलवली आणि ते एकेक मासा टाकीत सोडायला लागले. दुसऱ्या दिवशी विष काढायचं होतं. बाईंनी आठवण करून दिली नाही.