जुन्या कोशांची चकती

“मॅडम, नवीन घ्या ना. जुन्या डिक्शनरीत शब्द कमी असतात,” नाशकातल्या द्वारका चौकाजवळचा कंप्यूटरवाला मला समजुतीच्या सुरात म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. तसं त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्याकडे चकचकीत पाकिटातल्या डिक्शनरीच्या सीड्या होत्या, बटण दाबलं की उच्चारसुद्धा ऐकू यायचा. मला हव्या होत्या दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या. “जुन्या म्हणाले ना मी? मग जुन्याच!” असं फाडकन बोलून मी बाहेर पडले आणि नाशिक रोडच्या रिक्षात कोंबून घेतलं स्वतःला. रिक्षा सुटल्यावर जरा डोकं थंड झालं. मी मागत होते ते त्याच्याकडेच काय, अख्ख्या नाशकात कुणाकडे नव्हतं, आणि ते मला त्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधीही माहीत होतं.

आमचं घर फुलांच्या मळ्यातलं. शहर संपतं तिथे आमचा मळा सुरू व्हायचा. झेंडू, शेवंती, कडेने भाजीपाला. नाना, म्हणजे माझे वडील, पहाटे फुलं घेऊन बाजारात जात. आई तोडणी, निवडणी आणि घर सांभाळायची. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. मी शिकत गेले, इंग्रजीत एम. ए. झाले आणि नाशिक रोडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. तिथे स्टाफरूममध्ये मला मागून ‘फुलवाली’ म्हणत. मागून म्हणजे मला ऐकू येईल इतपतच मागून. तेव्हाच मी ठरवलं, की पीएचडी करायची आणि विषयही असा घ्यायचा की यांची तोंडं बंद झाली पाहिजेत.

विषय मला मळ्यातच सापडला. जुन्या इंग्रजी कोशकारांनी फुलं, भाज्या, शेतीची अवजारं कशी समजावून सांगितली? ज्याला आयुष्यभर चिखल लागलेला नाही असा माणूस कांद्याचा अर्थ कसा लिहितो? आणि पुढचा कोशकार मागच्याचं किती उचलतो? पुण्याच्या एका ग्रंथालयात मला अशा एका कोशाचा विटका खंड पाहायला मिळाला होता. त्यात कित्येक झाडांपुढे ‘प्रसिद्ध वनस्पती’ एवढंच लिहून मोकळा झाला होता बाबा. अरे, प्रसिद्ध आहे तर कोश कशाला लिहायला बसलास! मला राग आला आणि हसूही आलं, आणि विषय पक्का झाला. माझ्या गाइड बाई पुण्याच्या, वयस्कर, शिस्तीच्या. त्यांनी एवढंच बजावलं, “विषय छान आहे, पण मूळ कोश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. दुसऱ्याने दिलेला उतारा मला चालणार नाही.”

नानांना मी विषय सांगितला तेव्हा ते झेंडूची क्रेट भरत होते. “म्हंजे झेंडू काय असतो, हे सांगायला साहेबानं पुस्तक लिव्हलं, आन त्यानं काय लिव्हलं हे तू सांगणार?”

“हो.”

“आन त्याचा डाक्टर करत्यात?”

“करतात.”

नाना खूश झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या फुलबाजाराला ठाऊक झालं, की यांची पोरगी झेंडूवर डाक्टर होणार.

नव्वदच्या दशकाचा तो मध्य. सुरुवातीची वर्षं मी पुण्याच्या एसटीत घालवली. ग्रंथालयात काही कोशांच्या मायक्रोफिल्म होत्या, पण त्या बघायचं यंत्र एक तर बिघडलेलं असायचं किंवा ते चालवणारा माणूस रजेवर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काय उगाच? मग नाशकात इंटरनेट आलं. त्या जुन्या कोशांची पानंच्या पानं फोटो काढून परदेशात कंप्यूटरवर चढवली आहेत, असं कुठेतरी वाचलं आणि मी वेड्यासारखी सायबर कॅफेत जायला लागले. पान वरून खाली, ओळीओळीने उतरायचं. आधी कोशाचं नाव दिसायचं, मग वर्ष, आणि मग एक चौकट यायची: तुमची संस्था निवडा. खाली पैसे भरलेल्या जगभरच्या विद्यापीठांची नावं. आमचं नाव त्यात कशाला असेल! मी त्या चौकटीकडे बघत बसायचे. दाराच्या फटीतून लग्नाची पंगत दिसावी आणि आपल्याला आमंत्रण नसावं, तसं व्हायचं.

कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण होती, ती लग्नानंतर इंग्लंडला जाऊन तिथे पुन्हा शिकत होती. तिला ईमेल केला. ही बाई एवढी गुणी, की तिने आपल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून, मला हव्या त्या शब्दांची पानं एकेका कोशातून उतरवली आणि सगळी एका सीडीवर भरून तिच्या दिराबरोबर पाठवली. शिवाय लिहिलं, की तिचा अभ्यासक्रम संपत आलाय, एकदा लायब्ररीचं कार्ड बंद झालं की तिला पुन्हा आत जाता येणार नाही, तेव्हा जपून ठेव. ती सीडी हातात आली त्या दिवशी मी घरी चक्क नाचले. आईला दाखवली. “आई, हे बघ. माझं सगळं काम यात आहे. हीच आता माझी पीएचडी.”

आईने हात पुसून ती चकती दोन्ही हातांनी घेतली, उजेडात फिरवली. “एवढ्यात समदी पुस्तकं हायेत?”

“सगळी.”

“देवाची करणी,” आई म्हणाली.

कंप्यूटर कॉलेजच्या ऑफिसात. पगारबिलं टाइप करणाऱ्या क्लार्क बाईंचं काम संपलं, की मला तासभर मिळायचा. बाई चांगल्या होत्या, पण कंप्यूटरमध्ये पगारबिलांखेरीज काही ठेवायला जागाच नव्हती. म्हणून मी सीडी न्यायची, पडद्यावर पानं वाचायची आणि परत आणायची. ते मात्र सुखाचे दिवस. कोण कुणाचं उचलतो ते मला दिसायला लागलं होतं. एकाने केलेली चूक दुसरा इमानेइतबारे पुढे नेत होता, तिसरा तीवर आपली भर घालत होता. मी वहीत उतरवत होते आणि एकटीच हसत होते. अजून निम्म्याहून जास्त पानं वाचायची होती. प्रिंट काढून ठेवू म्हणून मी दिवाळीच्या सुटीची वाट पाहत होते, कारण त्याआधी दसरा होता आणि फुलवाल्यांच्या घरात दसऱ्याच्या आठवड्यात कुणाला मरायलाही सवड नसते.

खंडेनवमीला मी आणि नाना दिवसभर बाजारात. घरी आई एकटी. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. विळे, खुरपी, नानांचा तराजू, फवारणीचा पंप, आईचं शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. त्या वर्षी आईने विचार केला, की घरातल्या सगळ्यांची हत्यारं आहेत, लेकीचंच तेवढं नाही. तिने कपाट उघडलं, पाकिटातून चकती काढली आणि पाटाच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढे ठेवली. ओल्या बोटाने कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या. पण तेवढ्यावर ती थांबली असती तर ती माझी आई कसली! दुसऱ्या दिवशी दसऱ्याची भांडी घासायला काढली, तेव्हा चकतीवर कुंकू सुकून बसलेलं. पूजेची वस्तू अशी डागाची कशी ठेवायची? ताम्हण, समई, निरांजन यांच्याबरोबर तिने तीही घेतली. चिंच, राख आणि काथ्या. लख्ख होईपर्यंत घासली, पदराला पुसली आणि पाकिटात होती तशी ठेवून दिली.

मला काहीच माहीत नव्हतं. कॉलेज उघडल्यावर सीडी यंत्रात घातली. घुर्र घुर्र आवाज आला आणि बंद. पुन्हा घातली. पुन्हा तेच. क्लार्क बाईंनी ती काढून ट्यूबलाइटकडे धरली आणि म्हणाल्या, “अहो मॅडम, यातून आरपार दिसतंय की!” खरंच, ट्यूब दिसत होती. वरचा चंदेरी थर निघून नुसतं प्लॅस्टिक उरलं होतं, आणि मधल्या भोकाच्या कडेला कुंकवाची बारीक लाल रेघ.

ती रेघ पाहिली आणि मला सगळं कळलं. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा जातो. 

घरी जाताना रस्ताभर मी मनात आईला काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. दारात पोचले, तर आई उंबऱ्यात बसून शेवंती निवडत होती. मला बघताच म्हणाली, “तुझी चकती घासून ठिवलीय बरं का. लय काळवंडली होती कुंकवानं. आता बघ कशी आरशावानी झालीय!” किती कौतुकाने म्हणाली! मी “हो, पाहिली,” म्हणाले आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

मैत्रिणीला ईमेल केला. तिचं कार्ड बंद झालं होतं. तिने दुसऱ्या कुणाला तरी विचारलं, त्याने जमणार नाही म्हटलं. द्वारकेजवळच्या त्या कंप्यूटरवाल्यावर मी उखडले ते याच दिवसांत. गाइड बाईंना सांगितलं, “वहीतल्या नोंदींवर भागवू का?” त्या म्हणाल्या, “अर्ध्या कोशांवर निष्कर्ष कसा काढणार? आणि पानं तपासायला मागितली तर काय दाखवाल?” त्यांचंही बरोबरच होतं. हेच तर वाईट, सगळ्यांचंच बरोबर होतं! मुदत वाढवून घेतली, तीही संपली. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी घरी सांगितलं, की विद्यापीठाचे नियम बदलले. नाना म्हणाले, “आसंल. सरकारी काम.” बाजारात कुणी विचारलं की नाना विषय बदलायचे. नाना वारले तोवरही मी डॉक्टर झाले नव्हते आणि स्टाफरूममध्ये फुलवालीच राहिले होते. आता तिथले लोक ते मागून म्हणायचीही तसदी घेत नसत.

मग दोन हजारचं दशक सरत आलं. अर्ध्या मळ्याचे प्लॉट पडले, घरात कंप्यूटर आला, इंटरनेट आलं. एका रविवारी सकाळी मी पेपर तपासायचा कंटाळा आला म्हणून सहज एका कोशाचं नाव टाइप केलं. आणि तो उघडला. चौकट नाही, संस्था निवडा नाही, काही नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कुणाच्या तरी पिवळ्या पडलेल्या प्रतीचे फोटो, फुकट. दुसरा शोधला, तोही होता. तिसरा होता. त्या मैत्रिणीने मला पाठवला नव्हता असासुद्धा एक होता. बैल गेला आणि झोपा केला!  वाटलं, अजून उशीर झालेला नाही, नव्याने नोंदणी करता येईल. गाइड बाई गेल्या असल्या तरी दुसरं कुणी मिळेल.

तेवढ्यात शोधायची एक पट्टी दिसली. तीत मी झेंडूचा इंग्रजी शब्द टाकला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे कोश एकाखाली एक, वर्षावार, त्या शब्दाशी उघडून समोर आले. कुणी काय लिहिलं, कुणी कुणाचं उचललं, कुणाची चूक कुठवर गेली, शाळेतल्या मुलालाही दिसावं असं. मी भाजीचा शब्द टाकला. अवजाराचा टाकला. माझी ती सगळी वर्षं, एसटी, मायक्रोफिल्म, ऑफिसातला तासभर, त्या सगळ्यातलं काम त्या पट्टीने चहा निवायच्या आत करून दाखवलं. कुणी मला पुढे जाऊ दिलं नाही असं म्हणायचीही आता सोय नव्हती. माझा प्रश्नच उरला नव्हता. यावर आता कोण कशाला पीएचडी देईल? मी रडलेही नाही. आतून पार रिकामी झाले, दुसरा शब्द नाही मला.

आई मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. “काय गं, एवढी पांढरीफटक का पडलीस?”

“काही नाही. ते जुने कोश आहेत ना, ते आता असेच मिळतात. कंप्यूटरवर. फुकट.”

आई माझ्या शेजारी पलंगावर टेकली. पडद्यावरच्या पानावरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, “मी घासली म्हून गेली ना गं तुझी चकती?”

मी वळून बघितलं. “तुला कोण म्हणालं?”

“भाजीत मीठ कमी पडलं तरी तू घर डोक्यावर घेतीस. त्या दिशी कायच बोलली नाय. तवाच मला शंका आली. मग दिवाळीत बाजारात तुझ्या हापिसातली ती क्लार्क बाई भेटली. तिला इचारलं. तिनं सांगितलं.” आईने पदराचा पिळा केला, सोडला. “तुझ्या बापाला बी नाय सांगितलं मी. तू वरडली आसतीस ना, तर मी रडून मोकळी तरी झाले आसते.”

 एवढी वर्षं ती माझ्यासमोर भाकरी वाढत होती आणि हे पोटात घेऊन बसली होती.

“पण आता गावली ना समदी?” आई म्हणाली. तिने माझा हात धरला, आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. “आता व्हशील ना गं डाक्टर?”

“होईन,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की, आई.”

तिने डोळे पुसले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन मावशीला फोन लावला. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता, मोठा, मोकळा, कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता असा. “आगं, घावलं पोरीचं काम! माझ्यापायी अडलं होतं, आता व्हतंय बघ!”

मी पडद्यावरचे कोश एकेक करून बंद केले.