नागवेणीच्या चोऱ्या

शिरसीच्या पुढे, पोफळींच्या बागांत दडलेल्या आमच्या गावात नागवेणी हेगडे ही एक नंबरची चोर म्हणून प्रसिद्ध होती. चोरायची मात्र फक्त डेलिया. पावसाळ्यात इथे प्रत्येक घराच्या अंगणात डेलिया फुलतात, आणि शेजारणीच्या अंगणात आपल्याकडे नसलेला रंग दिसला की बायकांची झोप उडते. मागून आणलेलं रोप रुसतं, चोरून आणलेलं तरारतं, ही आमच्या बायकांची ठाम समजूत आहे. मालकिणीने ‘घे’ म्हणायचं नाही, नेणारीने ‘नेलं’ म्हणायचं नाही, आणि उपकार मानायचे तर मुळीच नाहीत. मानले की ते रोप गेलंच म्हणून समजा.

अशी ही नागवेणी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एकाएकी विझली. झालं काहीच नव्हतं, आणि हीच खरी अडचण होती. मुलगा बेंगळुरूत सुखात, मुलगी म्हैसुरात सुखात, नवरा निर्व्यसनी. पहाटे चारला उगाच छाती धडधडायची, मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहावंसं वाटायचं. ताटातल्या भातावर ताक तसंच राहायचं. समाचाराला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “तुला मेलीला कमी काय आहे?” हा प्रश्न विचारणाऱ्यांना एकदा तरी रांगेत उभं करून विचारलं पाहिजे की, बायांनो, पाय मोडलेल्याला तुम्ही असंच विचारता का?

तिचा नवरा तिम्मप्पा दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली दोन गाईशी. त्याने तिला काहीच विचारलं नाही. पण उन्हाळा सरता सरता तो माळ्यावर गेला आणि टोपलीत राख घालून जपून ठेवलेले तिचे डेलियाचे कंद त्याने खाली काढले. ते सुकून खारका झाले होते. बत्तीस वर्षांत तिने एकही कंद मरू दिला नव्हता. बायको आपल्या डोळ्यांदेखत हातची जाते आहे, हे त्याला त्या टोपलीने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो तिला शिरसीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी गोळ्या दिल्या आणि एक कोरा कागद दिला. “गोळी तिचं काम करील, ती बंद करायची नाही. पण अम्मा, थोडं काम तुमचंही आहे. जे करताना वेळ कसा जातो ते कळायचं नाही, अशा पाच गोष्टी लिहून आणा.”

“मला काहीच आवडत नाही,” नागवेणी म्हणाली.

“आवडतं का, असं कुठे विचारलं? आवडायचं काय, ते लिहा. मन तयार व्हायची वाट बघत बसू नका. आधी हातपाय हलवा, मन येईल मागून. लंगडत येईल, पण येईल.”

तीन आठवड्यांनी ती गेली तेव्हा तिचा कागद कोराच होता. बाई काही बोलणार तोच तिम्मप्पाने सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर सरकवली. त्याच्या गोल गोल अक्षरात दोनच शब्द होते: डेलिया चोरणे.

“अहो! काय हे!” नागवेणी कडाडली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता औषधाच्या कागदावर खाली लिहिलं: दर गुरुवारी एक चोरी. दुपारी जेवणानंतर.

पहिल्या गुरुवारी ती चपला घालून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या गुरुवारी शेजारच्या भागीरथीच्या कुंपणापर्यंत पोचली. भागीरथी आत घोरत होती. कुंपणाला लागूनच पिवळ्या डेलियाची कुंडी होती, पानाच्या बगलेतून फुटलेला कोवळा कोंब हाताशी येईल अशी. नागवेणीची छाती धडधडली. पण ही पहाटेची धडधड नव्हती, हिला कारण होतं. कोंब खुडून तिने पदरात लपवला आणि घरी येऊन मातीत खोचला. आनंदबिनंद काही झाला नाही. तिने हात धुतले आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, कोंबाने जीव धरला का ते बघायला, ती उठून अंगणात गेली. तेवढंच घडलं. पण अंथरुणातून उठायला तिला काहीतरी निमित्त मिळालं होतं.

मग चोऱ्या चालू झाल्या. एखादा गुरुवार अगदी वाईट जायचा, ती उठायचीच नाही. त्या दिवशी तिम्मप्पा ताकाचा पेला उशाशी ठेवून गुपचूप निघून जायचा. पण पुढच्या गुरुवारी ती निघायची. शकुंतला भटांचा कुत्रा सावलीवरही भुंकणारा, तोही कसा कोण जाणे मागच्या दारी बांधलेला सापडला, आणि जवळजवळ काळा दिसणारा तांबडा डेलिया तिच्या हाती लागला. त्या रात्री ती जेवताना स्वतःहून म्हणाली, “भटांचा काळा आणला.” तिम्मप्पाने मान हलवली आणि आणखी भात वाढून घेतला. तिनेही घेतला.

गणेश चतुर्थीपर्यंत अंगणात नऊ रंग झाले. आमच्याकडे त्या दिवशी बायका एकमेकींच्या घरी गणपती बघायला म्हणून जातात, पण नजर आधी अंगणात फिरते. भागीरथी पिवळ्यापाशी थांबली, शकुंतला काळ्यापाशी. “कुठून गं आणलास?” शकुंतलेने साळसूदपणे विचारलं.

“कुठून आणणार? आमचाच जुना,” नागवेणी म्हणाली. सगळ्या जणी गंभीरपणे माना डोलवू लागल्या.

तेवढ्यात फणसाचा पापड बोळक्या तोंडात चघळत बसलेली ऐंशीची गोपक्का, जिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मोठ्याने ओरडली, “अगं, तो जांभळा माझा! तुझा नवरा सांगून गेला म्हणून गुरुवारी दोन तास डोळे मिटून बसले मी ओसरीवर. पाठीचं पार लाकूड झालं! चोरायला एवढा वेळ लावतात का गं?”

भागीरथीने कपाळावर हात मारला. नागवेणी एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. कुंपणाशी आलेल्या कुंड्या, बांधलेला कुत्रा, भर दुपारी गावभर चाललेलं घोरणं, सगळं तिला आत्ता उमगलं. आणि मग ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि नंतर त्यात नुसतंच पाणी उरलं. “अगं बायांनो, तुम्ही माझ्यासाठी…” ती म्हणू लागली.

“गप्प बस!” भागीरथी ओरडली. “एक अक्षर बोललीस तर माझा पिवळा मरेल!”

दिवे लागल्यावर बायका गेल्या. तिम्मप्पा ओसरीवर सुपारी कातरत होता. नागवेणी त्याच्या शेजारी येऊन बसली.

“किती घरं फिरलात?”

“अकरा.”

“काय सांगितलंत?”

“माझी बायको चोरी करायला येईल. पकडू नका.”

चार वाक्यं बोलणारा हा माणूस बायकांच्या अकरा ओसऱ्यांवर हात जोडून उभा राहिला असेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती त्याच्याकडे वळली. “अहो, तुमचे उपकार…”

“नको,” तो घाईघाईने म्हणाला. अडकित्ता हातातच थांबला होता.

“का? ते रोपांचं आहे. तुम्ही काय रोप आहात?”

तिम्मप्पाने अंगणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नाही,” तो म्हणाला, “पण तू आत्ता कुठे जीव धरला आहेस. जोखीम कशाला?”

या गोष्टीला सहा वर्षं झाली. नागवेणीने ते वाक्य अजून पूर्ण केलेलं नाही.