दीड इंच खाली

सुनंदावहिनींचा फोन वाजत होता तेव्हा माझ्या हातात दाबलेली स्प्रिंग होती. गाडीच्या शॉकअपवरची स्प्रिंग काढायची तर ती आधी दोन्ही बाजूंनी आवळून दाबावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग सोडून कुठं जायचं नसतं. सुटली तर जबडा फोडते. तीस वर्षं बारामतीत गॅरेज चालवतोय, हा नियम मी कुणासाठी मोडलेला नाही. फोन तीनदा वाजून थांबला. मी स्प्रिंग सावकाश सैल केली, हात पुसले आणि मग फोन लावला. “भावजी, हे गेलं,” एवढंच वहिनी म्हणाल्या. माझा मित्र दत्ता बावन्न वर्षांचा होता. किडन्या निकामी झाल्या. कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाला हा धोका कायमच असतो, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. त्यामुळं मला धक्का बसला असं म्हणणार नाही. राग आला. कुणाचा आला ते महिना झाला तरी कळलेलं नाही.

दत्ता इंदापूर तालुक्यातला, मी सांगवीचा. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात एका बाकावर बसायचो. त्याचा हात माझ्यापेक्षा बरा होता. हे तो असताना मी कधी कबूल केलं नाही, आता करायला हरकत नाही. पण वडलांच्या मागं शेती बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो परत गेला आणि आधी डाळिंब, मग पेरू लावून बसला. स्वभावानं हट्टी, आणि हट्ट एकाच गोष्टीचा... कुणाची मदत घ्यायची नाही. वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स एकटाच उचलायचा आणि मग दोन दिवस कंबर धरून फिरायचा. सर ओरडायचे, आम्ही हसायचो, त्याच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

असा माणूस क्रेट बांधताना टेम्पोवरून पाठीवर पडला आणि त्याचे पाय गेले. सहा-सात महिन्यांनी तो व्हीलचेअरवर बसायला लागला, हातांत ताकद होतीच, घरात-अंगणात स्वतःचं स्वतः करायला लागला. गाडीत बसायचं म्हटलं की मात्र दोघांनी उचलून ठेवावं लागायचं. पुतणीच्या लग्नात कार्यालयाच्या दारात दोन जावयांनी त्याला असंच काढलं, त्यात त्याचा पायजमा सरकला. सगळा मांडव बघत होता. कुणी हसलं नाही, उलट लोकांनी माना वळवल्या, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर दोन वर्षं दत्ता वस्तीच्या बाहेर पडला नाही. बाजार नाही, लग्न नाही, मयत नाही. मी महिन्यातून एकदा जायचो, आग्रह करून दमायचो आणि परत यायचो.

मग एक दिवस त्याचाच फोन. “सुऱ्या, गाडी खाली घ्यायचीय.”

इथं माझं मत सांगायला हवं. गाडी खाली घेणं हा प्रकार माझ्या डोक्यात जातो. पोरं येतात, “मामा, स्प्रिंगा कापून द्या की,” म्हणतात, आणि मी त्यांना हाकलून देतो. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर म्हणजे बांध असतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पडतात, आणि ह्यांना गाडी जमिनीला टेकवायची असते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटल्यावर माझ्याच दारात येतात. दत्तालाही मी तेच ऐकवलं. “लेका, ह्या वयात काय गाडी खाली घेतूस?” तो म्हणाला, “माझी खुर्ची साडेवीस इंच हाय. गाडीची सीट बावीस. दीड इंच माझ्या हातानं चढत न्हाय, सुऱ्या. येवढं खाली आण, मी सरकत आत जाईन.” खुर्चीवर जाड उशी टाकून बघितली होती, तोल जाऊन पडला होता. फळी लावून बघितली होती, चढावर ढुंगण सरकत नव्हतं. दुसरी गाडी घे असं चार शहाण्यांनी सांगितलं होतं. “गाडी चांगली हाय,” तो म्हणाला. “दीड इंचाचाच सवाल हाय. मला कुणी उचलायचं न्हाय, बास.”

मी स्प्रिंगा मागवल्या. कापलेल्या नाहीत, दीड इंच बसक्या, तयार मिळतात त्या. वहिनी गाडी घेऊन आल्या; त्या गाडी चालवायला त्याच्या अपघातानंतर शिकल्या. पुढच्या दोन्ही शॉकअप उतरवल्या, जुन्या स्प्रिंगा काढून नव्या बसवल्या, मागच्या तर अर्ध्या तासात बदलल्या, बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळले, अलाइनमेंट करून घेतली. सीटपाशी टेप लावला. साडेवीस, बरोब्बर. जुन्या स्प्रिंगा पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. काम मनासारखं झालं की मी सहसा कुणाला सांगत नाही, त्या दिवशी बायकोला दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी दत्ता स्वतःच्या हातांनी गाडीत बसला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. वहिनींनी खुर्ची घडी करून मागं टाकली आणि दोघं इंदापूरच्या बाजार समितीत पेरूचे लिलाव बघायला गेले. तिथं पोचल्यावर उतरायला गेला तर उतरता येईना. मी मोजलं होतं रिकाम्या गाडीला! त्याचं वजन, वहिनींचं वजन पडलं, नव्या स्प्रिंगा चार दिवसांत थोड्या बसल्या, आणि सीट खुर्चीपेक्षा इंचभर खाली गेली. आत जाताना उतार होता, बाहेर येताना चढ. पहिल्या वर्षाच्या पोरानं करू नये अशी चूक, आणि ती मी टेप हातात धरून केली होती. ओळखीची माणसं धावली, “दत्ताराव, आमी धरतो की,” म्हणाली. तो सगळ्यांना हात जोडून नको म्हणाला, दार उघडं ठेवून तिथूनच लिलाव ऐकला आणि न उतरताच घरी आला. घरी तरी कसा उतरणार? अंगणात गाडीतच बसून भाकरी खाल्ली आणि मला फोन केला.

मी दीड तासात पोचलो. म्हणालो, “दत्ता, आजचा दिवस उचलू दे. उद्या काहीतरी करतो.”

“तुझी चूक,” तो म्हणाला, “आन् उचलून घ्यायचं मी? का रं?”

तो खिडकीतून खाली जमिनीकडं बघत होता. जन्मभर पाटानं पाणी दिलेला माणूस, कुठली जागा किती खाली आहे हे त्याला बसल्या जागी दिसायचं. म्हणाला, “गाडी वर येत न्हाय तर खुर्ची खाली घे. कुदळ हाय गोठ्यात.” तर मी, तीस वर्षांचा मेकॅनिक, मित्राच्या अंगणात गाडीच्या दाराशी कुदळीनं खड्डा खणायला लागलो. चार बोटं खोल, खुर्ची मावेल एवढा, एका बाजूनं उतार काढलेला. खणता खणता दत्ता गाडीतून सूचना देत होता, “हिकडनं आजून. आरं सपाट कर, गहू पेरायचाय का?” वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. खड्ड्यात खुर्ची लावली, त्यानं दोन्ही हात टेकले, आणि घसरून खुर्चीत आला. घामानं भिजला होता. “आता चहा पिऊ,” म्हणाला.

पुढं दीड वर्ष दत्ता हिंडला. पिंपळी, कऱ्हाटी, सोयऱ्याधायऱ्यांकडं, उजनीच्या पाण्याकाठी, कुठंही. गावात शिरलं की आधी जमीन बघायचा. “सुनंदा, डावी चाकं त्या उंचवट्यावर घे. हां, हितंच.” डावी बाजू वर आली की खुर्ची आपोआप खाली राहायची, आणि तो उतरायचा. निघताना जागा बदलून उलटं. वहिनी स्पीड ब्रेकर तिरपा घ्यायला शिकल्या, तरी पोट घासायचंच, आणि घासलं की दत्ता “आईऽगं” म्हणायचा, गाडीच्या वतीनं. माझ्याकडं आला की उतरायला पाच-सात मिनिटं लागायची. तेवढा वेळ त्याच्याकडं बघायचं नाही, हातातलं काम करत राहायचं, हे मी शिकलो. गाडी खाली घ्यायला आलेल्या पोरांना मी हाकललं की तो खुर्चीतून म्हणायचा, “माझी घेतलीस की रं!” आणि पोरं माझ्याकडं संशयानं बघायची.

गेल्या आठवड्यात वहिनी गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, “भावजी, वर घ्या आता. मागं पेरूचं क्रेट टाकलं की पाण्याच्या चारीवर टेकतीया. मला एकटीलाच ने-आण करायचीय.” बरोबर होतं त्यांचं. मी माळ्यावरून पोतं काढलं. काम चालू असताना त्या बाकावर बसून बोलत होत्या, आणि मला माहीत नसलेलं त्यांनी तेव्हा सांगितलं. शेवटी हॉस्पिटलला न्यायचं त्या सकाळी अंगणात अँब्युलन्स आली होती. ताप चढलेला, अंगात बळ नव्हतं. दत्तानं स्ट्रेचर परत पाठवलं. “कुणी हात लावायचा न्हाय म्हनलं. पाऊण तास लागला, भावजी. दोनदा निम्म्यातनं मागं आलं. आमी नुसतं हुबं राहिलो. पर बसलं, आपल्याच गाडीत.” ती गाडी माझ्या गॅरेजवरून गेली असणार. मला दिसली नाही.

आणि नंतर आम्ही चौघांनी त्याला उचललंच. पुढचा डावा खांदा माझा होता. त्याला न विचारता केलेली ती एकच गोष्ट, आणि ती करताना मी मनात त्याला “माफ कर” म्हणालो, हे इथं लिहून टाकतो.

चारी स्प्रिंगा बदलून झाल्या. गाडी खाली सोडली, दोन-तीनदा दाबून बसवली. उंची चाकाच्या कमानीपाशी मोजायची असते. मी टेप लावला तो पुढच्या डाव्या सीटला. बावीस इंच. एवढ्यावर दत्ताला चढता आलं नसतं... टेप हातात तसाच राहिला, मी फरशीवर बसलो आणि रडलो. तेराव्यापर्यंत एकदाही रडलो नव्हतो.

“काय चुकलं का, भावजी?” वहिनींनी बाकावरून विचारलं.

“न्हाय,” मी म्हणालो. “कंपनीच्या मापात बसली.”