पडल्यावर पुढे येणारा हात

पुण्यात बातम्यांच्या डेस्कवर नोकरी लागली, तेव्हा खोली आठवडाभरात मिळाली. ज्युदोचा क्लास मिळायला फार वेळ लागला.

ज्युदो मी गावी, लोणखेड्यात शिकले. कॉलेजच्या मैदानामागे उसाचं पाचट पसरून वर ताडपत्री ताणलेली असे. तीच आमची मॅट. सर शहाद्याचे. नव्या मुलीला ते एवढंच सांगत, "पहिले पडानं शिक. पाडानं मंग." पाडणारीने पडलेलीला हात देऊन उठवायचं आणि मगच पुढची पकड घ्यायची, हा तिथला नियम होता.

शहरात सुटीच्या दिवशी मी क्लास पाहत हिंडले. एका ठिकाणी आरसे होते, गाणी होती, मॅट नव्हती. दुसरीकडे भिंतभर पदकं होती. पडायला कधी शिकवता, असं मी विचारलं.

"मॅडम, लोक इथे जिंकायला येतात," काउंटरवरचा तरुण म्हणाला.

मला जिंकायचं नव्हतं. ऑफिसात सगळे कानात हेडफोन घालून बसत आणि खोलीवर कुणी नसे. मला एक जोडीदार हवी होती.

तिसरा क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरत होता. तिथल्या बाईंनी पूर्ण तास फक्त पडायला लावलं. मी त्याच दिवशी नाव घातलं.

जोड्या लागल्या, तेव्हा समोरच्या मुलीने मला स्वच्छ फेकलं. मी पडल्या जागी हात वर करून थांबले. ती केव्हाच आपल्या जागी जाऊन उभी राहिली होती. बाई धावत आल्या.

"खांदा निखळला का?"

"नाही."

"मग?"

मी उठले. क्लास चांगला आहे, अजूनही तिथेच जाते. तास संपला की सगळ्या आपापल्या गाड्या काढून निघून जातात.

दिवाळीत लोणखेड्याला गेले. आता माझी जुनी जोडीदार तिथे मुलींना शिकवते. तिने मला फेकलं. मी अंग वळवून लगेच उभी राहिले, पकडीसाठी तयार. ती अजून वाकलेली होती, हात पुढे करून.

"उठी बी गई का वं?" ती म्हणाली. मुली हसल्या.

पुढच्या वेळी पडल्यावर मी हात वर करून थांबले. ती आपल्या जागी जाऊन उभी होती, हात कमरेवर.

"उठ ना," ती म्हणाली. "आते एकलीले उठता येस ना तुले."